पाचवा खण बसेना

१

पाचवा खण काही केल्या बसेना.

जोतिराम मिस्त्रीनं तो आधी सरळ सरकवून पाहिला, मग थोडा तिरका केला, मग उचलून पुन्हा टेकवला. चार खण जिन्याखाली एकमेकांना चिकटून उभे होते. पहिला पुरुषभर उंच आणि पुढचे जिन्याच्या उताराबरोबर ठेंगणे होत गेलेले. पाचव्याच्या वाट्याची जागा मात्र त्याच्यापेक्षा अरुंद होती.

"ताई, ह्यो जात न्हाय," जोतिराम घाम पुसत म्हणाला. "चांगलं सहा इंच कमी पडतंय बघा."

वैजयंती हत्तुरे फरशीवर गुडघे टेकून बसली आणि तिनं टेप ओढला. चिंचोळी एमआयडीसीत तिचा छोटासा कारखाना होता. लोकांच्या घरातल्या अडनिड्या जागा, म्हणजे खांबामागची फट, खिडकीखालचा कोनाडा किंवा जिन्याखालचा तिरका कोपरा, अशा ठिकाणी नेमकं बसेल असं सुट्या खणांचं सामान ती बनवायची. अकरा वर्षांत तिचं माप एकदाच चुकलं होतं. तेव्हापासून ती प्रत्येक जागा तीनदा मोजत असे.

हे काम सिद्धलिंगप्पा बिराजदारांचं होतं. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. मोहोळच्या पुढं त्यांची द्राक्षबाग आणि छोटी वायनरी होती. दरवर्षीच्या हंगामातल्या काही बाटल्या ते घरी राखून ठेवायचे. "बाटली आडवी झोपली पाहिजे, बूच ओलं राहिलं पाहिजे, आणि ऊन लागता कामा नये," असं त्यांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. सोलापूरच्या उन्हात घरभर हिंडून त्यांनी आणि वैजयंतीनं मिळून ही जिन्याखालची थंड जागा निवडली होती. आराखड्यात पाच खण होते, आणि जिथं जिना जमिनीला टेकतो त्या बुटक्या कोपऱ्यात चाकांवरचे दोन खोके.

काल, रविवारी संध्याकाळी, अप्पांच्या फोनवरून तिला निरोप आला होता. तिनं तो पुन्हा उघडला.

'शेवटचे दोन खोके रद्द. कोपरा बंद करून घेतला आहे. पाच खण बसवून टाका. मी बेंगळुरूला निघालो आहे.'

कोपरा बंद होता हे खरं. सिमेंटची शीट उभी ठोकून तिच्यावर भिंतीचाच पांढरा रंग फासला होता. वरच्या मजल्यावर छताचं काम चालू असल्यामुळं शीट, पट्ट्या आणि रंगाचे डबे गच्चीवर पडलेलेच होते. रंगाचा वास अजून नाकात जात होता.

टेपवर आकडा आला दोनशे दहा सेंटिमीटर.

तिनं तोंडातल्या तोंडात भागाकार केला. दोनशे दहा भागिले पाच म्हणजे बेचाळीस. एका खणाची रुंदी बेचाळीस.

बेचाळीस हे जुनं माप होतं. गेल्या मंगळवारी अप्पांनी स्वतः फोन केला होता. फेसाळ वाइनच्या बाटल्या जाड असतात, त्या अडकतील, खण तीन सेंटिमीटरनी वाढव, असं सांगून. पंचेचाळीस हा आकडा त्यांनी तिच्याकडून दोनदा वदवून घेतला होता. पाच खणांचे दोनशे पंचवीस होतात हे त्या माणसानं तिच्याआधी तोंडी सांगितलं होतं.

आणि तोच माणूस स्वतःच्या हातानं दोनशे दहावर भिंत घालून घेतो, आणि वर पाच खण बसवा म्हणतो?

मग हा निरोप लिहिला कुणी?

२

"काय झालं?" मागून आवाज आला आणि वैजयंती दचकली.

बापूसाहेब होते. अप्पांच्या वायनरीचे व्यवस्थापक, वीस वर्षांचे जुने, बंगल्याच्याच आवारात मागच्या खोलीत राहणारे. सकाळपासून ते जिन्याशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"थोडं माप जुळत नाहीये."

"मग चारच बसवा की. पाचवा राहू दे. अप्पा आल्यावर बघतील. तुम्ही ते भिंतीला घट्ट करून टाका आणि मोकळ्या व्हा."

"अप्पा कधी येणार?"

"आठ-दहा दिवस तरी नाही. मित्राकडं गेलेत, रेल्वेनं. फोन बंद ठेवतात ते प्रवासात."

ती पाणी प्यायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली. गोजाबाई ओट्याशी भाकरी थापत होत्या. रविवारी दुपारी त्या कुर्डुवाडीला लेकीकडं गेल्या होत्या आणि आज सकाळी परतल्या होत्या.

"मावशी, अप्पा जाताना तुम्हाला बोलले होते का काही?"

"न्हाय बा." गोजाबाईंनी आवाज खाली आणला. "मलाबी नवल वाटतंय. अंथरूण घडी मोडल्यालं न्हाय. आन चष्मा बघा, त्यो काय पेपरावर पडलाय. चष्म्याबिगर त्यास्नी फोनवरचं एक अक्षर दिसत न्हाय."

चष्मा कन्नड वर्तमानपत्रावर उघडाच पडला होता. पेपर रविवारचा होता. फ्रिजच्या दारावर चुंबकानं लावलेला वैजयंतीचा आराखडा होता. पहिला, जुना.

पाणी तसंच ठेवून ती बाहेर टेम्पोकडं गेली. फाटकावर रखवालदार मल्लिकार्जुन स्टुलावर बसला होता.

"अप्पा काल कितीला निघाले हो?"

"मला तर दिसले न्हाईत, ताई. मी रातपाळीलाबी हितंच होतो, जोडीदार आला न्हाय म्हणून. गाडी आत हाय. कॅमेऱ्यात बघितलं तर कळंल की." तो हसला. "आन तुमचा मिस्त्री आला होता की काल सांजच्याला. साडेसहाला आसंल."

"कोण, जोतिराम?"

"व्हय. त्योच."

वैजयंतीनं फाटकाची सळई धरली. जोतिराम काल इथं आला होता, आणि सकाळी टेम्पोतून येताना अर्धा तास शेजारी बसून त्यानं हे तिला सांगितलं नव्हतं.

ती परत आत आली. जोतिराम पाठमोरा होता. त्याची हत्यारांची पिशवी शनिवारपासून इथंच होती, कारण शनिवारी त्यानं जिन्याखाली दिव्यासाठी भोकं पाडली होती. पिशवीतून ड्रिलचं टोक बाहेर आलं होतं. ते पांढरंशुभ्र होतं. वरपासून खालपर्यंत सिमेंटच्या भुकटीनं माखलेलं. आणि जोतिराम हत्यार पुसल्याशिवाय कधीच ठेवत नसे.

३

अकरा वर्षं ज्याच्याबरोबर काम केलं, ज्याच्या मोडनिंबच्या घरी मुलीच्या लग्नात आपण जेवलो, त्या माणसाकडं पाठ करायची वैजयंतीला भीती वाटू लागली. हातोडी त्याच्या पायाशी होती. बापूसाहेब खुर्चीवरून बघत होते. वर अप्पांचा पुतण्या अभिमन्यू फोनवर कुणावर तरी ओरडत होता. या घरात कुणाजवळ जाऊन बोलावं तेच तिला कळेना.

एक गोष्ट मात्र ती धरून होती. अप्पा फाटकाबाहेर पडले नव्हते. म्हणजे ते आत होते. आणि आत नवीन म्हणावी अशी एकच जागा होती.

तो विचार येताच तिनं शीटवरची नजर काढून घेतली, जणू बघितलं तर कुणाला तरी कळेल.

"जोतिरामभाऊ," ती टेम्पोतून स्क्रू आणायच्या मिषानं त्याला बाहेर घेऊन गेली. "काल तुम्ही इथं आला होता?"

"व्हय की." तो बिचकला नाही. "डबा ऱ्हायला होता शनिवारचा. कारभारीण वरडली. बापूसाहेबांनी दारातनंच दिला. आत या म्हणले न्हाईत. घामानं पार भिजले होते."

"आणि ड्रिल कुणी वापरलं?"

"मी तेच म्हणतोय मघापासनं! मी फुसून ठेवलं होतं. कुणी हात लावला कुणास ठाऊक."

तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग तिला स्वतःचाच राग आला, इतकं ते सोपं होतं. पंचेचाळीसचे पाचही खण जोतिरामनं स्वतः कापले होते, स्वतः जोडले होते. भिंत त्यानं घातली असती तर दोनशे पंचवीसवर घातली असती. ज्यानं कुणी ही शीट ठोकली त्याला खण वाढल्याचं ठाऊकच नव्हतं. त्यानं फ्रिजवरचा कागद पाहिला, बेचाळीस गुणिले पाच केलं आणि तिथं खूण केली. खण नेमके चिकटून बसले की शीट झाकली जाणार, भिंतीला स्क्रूनं आवळली जाणार, आणि वर बाटल्यांचा भार. मग कोण कशाला हलवतंय?

म्हणजे ज्याला पंचेचाळीस ठाऊक आहे तो सुटला. ज्याला नाही, तो...

तिनं आधी फोन लावला. पोलिसांच्या बाईंचा आवाज शांत होता. वैजयंतीचा नव्हता. "माणूस कोंडलेला असू शकतो," एवढंच तिला धड सांगता आलं. गाडी निघते आहे, पंधरा मिनिटं लागतील, असं उत्तर आलं.

मग अभिमन्यूला विचारायला ती जिना चढून वर गेली, तर तो वरच्या पायरीवरच भेटला. तिशीचा, पुण्यात नोकरी करणारा, कपाळावर कायम आठ्या. शनिवारी आला होता, काल दुपारी मित्रांकडं गेला होता तो आज सकाळीच परतला होता. त्यानं वाट अडवली.

"अजून झालं नाही तुमचं? किती ठोकाठोक! आणि काकांनी मला न सांगता बेंगळुरू गाठायचं, हे काय आहे?"

"साहेब, एकच विचारते. खणाची रुंदी किती ठरली होती?"

"मला का विचारता? पंचेचाळीस. मंगळवारी काकांनी मला व्हिडिओ कॉलवर अर्धा तास ती जाडी बाटली दाखवली. तिचं माप घ्यायला गोजाबाई दोरा धरून उभ्या. मी मीटिंग सोडून ते बघत बसलो होतो."

म्हणजे अभिमन्यू सुटला. दोरा धरणाऱ्या गोजाबाईही सुटल्या.

"मंगळवारी बापूसाहेब होते का इथं?"

"नाही. आठवडाभर ते बागेवरच होते. का?"

ती खाली उतरली. बापूसाहेब आता खुर्चीवर नव्हते. ते पाचव्या खणाच्या मोकळ्या जागेसमोर उभे होते, शीटची वाट अडवून.

"बापूसाहेब, मला वाटतं माझ्याच हातून घोळ झालाय," ती शक्य तितक्या सहज म्हणाली. "खणाची रुंदी किती ठरली होती हो?"

"बेचाळीस," ते लगेच म्हणाले. "कागदावर आहे की. फ्रिजवर."

४

पंधरा मिनिटांतली चार झाली होती. वैजयंतीनं ठरवलं की गप्प राहायचं, स्क्रू मोजायचे, लेव्हल बघायची, गाडी येईपर्यंत वेळ काढायचा. जोतिरामला तिनं नुसत्या नजरेनं थांबायला सांगितलं.

तेवढ्यात शीटमागून आवाज आला.

फार बारीक होता. नखानं लाकूड खरवडावं तसा. एकदा आला, थांबला, पुन्हा आला.

"उंदीर झालेत फार," बापूसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा हलला नाही, पण वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे राहिले.

वैजयंतीनं हात पुढं केला. आपण हे करतो आहोत याचीच तिला भीती वाटत होती. तिनं वाकून त्यांच्या पायाजवळून शीटवर बोटाच्या पेरानं तीनदा टकटक केली.

आतून तीनदा उत्तर आलं.

गोजाबाईंच्या तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मग बापूसाहेब खाली वाकले आणि सरळ झाले तेव्हा जोतिरामची हातोडी त्यांच्या हातात होती.

"ताई," ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही चार खण बसवा आणि जा. तुमचं काम तेवढंच आहे."

"आत माणूस आहे, बापूसाहेब."

"मी सांगतोय ना, जा!"

पोलिसांची वाट बघावी की ओरडावं? आत हवा किती असेल? काल संध्याकाळपासून आता बारा वाजत आलेले. अजून अकरा मिनिटं थांबायचं, आणि त्याच अकरा मिनिटांत ते नख थांबलं तर?

ती ओरडली. अभिमन्यूच्या नावानं, घसा फाटेपर्यंत.

बापूसाहेबांनी हातोडी उगारली, पण जोतिरामनं पाचवा खण दोन्ही हातांनी उचलून त्यांच्या अंगावर ढकलला. खण आणि माणूस दोघेही भिंतीवर आदळले. हातोडी घरंगळत गेली. अभिमन्यू तीन-तीन पायऱ्या उतरत खाली आला आणि जागीच थबकला.

"उघडा! शीट उघडा आधी!" वैजयंती किंचाळली.

जोतिरामनं पटाशी फटीत घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. स्क्रू ओल्या रंगातून करकरत उपसले. शीट अर्धी मोडली, अर्धी सुटली. आतून कोंदट, आंबूस वास बाहेर आला.

जिन्याच्या पायऱ्यांखाली, गुडघे पोटाशी घेतलेले अप्पा पडले होते. डोक्यावरचं रक्त वाळून केसांत काळं झालं होतं. उजव्या हाताची नखं तुटली होती. उजेड डोळ्यांवर पडला तसे त्यांचे ओठ हलले.

"नीरु," ते म्हणाले. "नीरु कोडु."

गोजाबाई अक्कलकोटकडच्या. त्यांना कन्नड कळायचं, पाणी मागतायत हे सांगावं लागलं नाही. त्या पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या, आणि त्यांच्या हातातून निम्मं पाणी वाटेतच सांडलं.

बापूसाहेब तोवर उठून दाराबाहेर गेले होते. पळाले नाहीत, चालत गेले. मल्लिकार्जुननं फाटक लावून घेतलं होतं. पोलिसांची गाडी आली तेव्हा ते फाटकाशी, कडक उन्हात, दोन्ही हात खाली सोडून उभे होते.

५

उपनिरीक्षक सुकन्या ढोबळे तिसऱ्या दिवशी वैजयंतीला रुग्णालयात घेऊन गेल्या. अप्पांना बोलता येऊ लागलं होतं आणि त्यांनी तिला बोलावलं होतं. वाटेत ढोबळेबाईंनी बापूसाहेबांचा जबाब सांगितला.

अप्पांच्या नावाचं लेबल लावून ते बाहेरून आणलेली हलकी दारू बाटल्यांत भरत होते. रविवारी अप्पांनी नव्या मालातली एक बाटली उघडली आणि पहिल्याच घोटाला ओळखलं. बापूसाहेबांना बोलावून घेतलं. जिन्यावर बाचाबाची झाली, ढकलाढकली झाली, अप्पा वरून खाली आले ते हललेच नाहीत.

"त्यांचं म्हणणं, नाडी लागली नाही," ढोबळेबाई म्हणाल्या. "माणूस मेला असं समजून घाबरले. फाटकावर कॅमेरा आणि रखवालदार, त्यामुळं बाहेर नेता येईना. समोर जिन्याखालची जागा, फ्रिजवर तुमचा कागद, गच्चीवर शीट, पिशवीत ड्रिल. अप्पांच्या फोनचं कुलूप त्यांना ठाऊक होतंच. दारात तुमचा मिस्त्री डबा मागायला आला तेव्हा अर्धं काम झालं होतं म्हणे. सगळा घात क्षणाच्या भीतीनं झाला, मारायचा हेतू नव्हता, हेच धरून बसलेत. वकीलही तेच म्हणणार."

वैजयंतीला थोडी दया आली. भीती काय करते हे तिला आता ठाऊक होतं. दोन रात्री तिनं दिवा मालवला नव्हता. डोळे मिटले की एकच गोष्ट दिसे. खण बेचाळीसचेच राहिले असते तर आपण पाचही नीट बसवले असते, भिंतीला आवळले असते, फोटो काढले असते आणि चहा पिऊन घरी गेलो असतो.

अप्पा उशांना टेकून बसले होते. डोक्याला पट्टी, हाताची बोटं बांधलेली. तिला बघून त्यांनी डावा हात पुढं केला आणि बराच वेळ तिचा हात सोडला नाही.

"अप्पा, बापूसाहेब म्हणतात की तुम्ही गेलात असं त्यांना वाटलं," ढोबळेबाईंनी विचारलं. "तुम्हाला शुद्ध कधी आली?"

"पहाटे. अंधारच होता आत. पण फटीतून बल्बचा उजेड येत होता. बाहेर ब्रश फिरल्याचा आवाज येत होता. सर्र, सर्र. मला वाटलं कुणीतरी मला शोधतंय."

"मग?"

अप्पांनी खिडकीकडं पाहिलं. त्यांचा आवाज इतका खाली गेला की वैजयंतीला वाकावं लागलं.

"मी हाक मारली. बापू, म्हणून. ब्रश थांबला. तो फटीजवळ आला. त्याचा श्वास मला ऐकू येत होता."

"काही बोलले ते?"

"बोलला ना. म्हणाला, 'अप्पा, थोडा वेळ गप पडून राहा.' आणि मग ती फटसुद्धा रंगानं बुजवून टाकली."